व्हेरिकोसील : ओळख, उपचार आणि सैन्यभरतीची तपासणी

नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, देवळालीची तोफखाना प्रशाला आणि डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेले भोसला मिलिटरी स्कूल यांमुळे नाशिक परिसरातील महाविद्यालयीन तरुणांना सैन्यदलाचे आकर्षण स्वाभाविकपणे वाटते. धावणे, उंची, छाती या कसोट्यांची तयारी ते कसून करतात. वैद्यकीय तपासणीत मात्र काहींच्या कागदावर 'व्हेरिकोसील' हा अपरिचित शब्द उमटतो. तोपर्यंत या विकाराची त्यांना जाणीवही नसते. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

वृषणाकडून अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांचे जाळे फुगून वेटोळे होणे म्हणजे व्हेरिकोसील. पायांवरील फुगलेल्या शिरांचाच हा दुसरा प्रकार होय. शिरांतील झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त मागे साचते. हा विकार बहुतांशी डाव्या बाजूस आढळतो. डावी शीर अधिक लांब असून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. उजवी शीर तिरकी जाऊन थेट महाशिरेत शिरते, त्यामुळे तिच्यातील प्रवाह सुकर राहतो. प्रौढ पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये हा विकार असतो. त्यांतील बहुसंख्यांना कधीच त्रास होत नाही.

त्रास झालाच तर तो मंद स्वरूपाचा असतो. दीर्घकाळ उभे राहिल्यावर किंवा ओझे उचलल्यावर जडपणा येतो, आडवे झाल्यावर तो ओसरतो. उभ्या स्थितीत चाचपल्यास वृषणाच्या वर गांडुळांच्या पुंजक्यासारखा स्पर्श जाणवतो. श्वास रोखून जोर केल्यावरच जाणवणारा तो पहिल्या श्रेणीचा, सहज हाताला लागणारा दुसऱ्या आणि डोळ्यांना दिसणारा तिसऱ्या श्रेणीचा मानतात. शंका राहिल्यास डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते. बोलीभाषेत वृषणकोशाच्या सर्वच सुजांना सरसकट 'अंडवृद्धी' म्हणण्याची रीत आहे. तिच्यामुळे हायड्रोसील, हर्निया आणि व्हेरिकोसील यांची गल्लत होते.

दोन लक्षणे मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाहीत. केवळ उजव्या बाजूस उद्भवलेली, अचानक वाढलेली किंवा झोपल्यावरही न ओसरणारी सूज असल्यास पोटात, विशेषतः मूत्रपिंडात, गाठ नाही ना हे पाहावे लागते. एकाएकी उठलेली तीव्र कळ वृषणाला पीळ पडल्याची असू शकते. तेव्हा सुमारे सहा तासांच्या आत उपचार झाले तर वृषण वाचण्याची शक्यता अधिक असते; संकोचाने रात्र काढणे महागात पडते.

साचलेल्या रक्तामुळे वृषणाचे तापमान वाढते व शुक्राणूनिर्मितीवर परिणाम होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ मधील अभ्यासात वीर्यदोष असलेल्या पुरुषांपैकी २५.४ टक्क्यांना, तर निर्दोष वीर्य असलेल्यांपैकी ११.७ टक्क्यांना व्हेरिकोसील आढळला. यातील दुसरा आकडाही तितकाच बोलका आहे, कारण विकार असूनही वीर्य निर्दोष राहू शकते. म्हणून व्हेरिकोसील म्हणजे वंध्यत्व, हे समीकरण चुकीचे ठरते. लैंगिक क्षमतेशी त्याचा सहसा संबंध जोडता येत नाही. भिंतींवरील जाहिराती मात्र तो बिनदिक्कत जोडतात.

त्रास नसेल तर केवळ निरीक्षण पुरते. सौम्य वेदनेस आधार देणारी अंतर्वस्त्रे व साधे वेदनाशामक औषध पुरेसे होते. वेदना हटत नसल्यास, अपत्यप्राप्तीत अडचण व वीर्यदोष दोन्ही असल्यास, किंवा किशोरवयात त्या बाजूच्या वृषणाची वाढ खुंटल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शिरा बांधण्याच्या पद्धतीत धमनी जपली जाते, शिवाय पुन्हा उद्भवण्याचे वा पाणी साचण्याचे प्रमाण कमी राहते. वीर्यातील सुधारणा दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात.

सैन्यभरतीचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथील निकष कठोर श्रमांच्या सेवेसाठी आखलेले असल्याने, वैद्यकीयदृष्ट्या उपचारांची गरज नसलेला विकारही उमेदवारास थांबवू शकतो. अशा निर्णयाविरुद्ध फेरतपासणीची तरतूद असते. घाबरून दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया उरकणे शहाणपणाचे नाही. शस्त्रक्रियेनंतरही ठरावीक काळ लोटल्याशिवाय उमेदवार पात्र मानला जात नाही, आणि वयोमर्यादा तर थांबत नाही. प्रथम वर्षात प्रवेश घेतानाच एन.सी.सी. वा भरतीपूर्व वर्गातील विद्यार्थ्यांची शल्यचिकित्सकाकडून खासगीत तपासणी झाली, तर निर्णयासाठी हाताशी दोन वर्षे राहतात. भरतीच्या पटांगणावर ती नसतात.