माळव्यातील मराठी वाचकासाठी ग्रंथनिवड

महाराष्ट्राबाहेरील शाळेने अथवा वाचनमंडळाने मराठी ग्रंथांची निवड करावयाची म्हटली, की बहुधा पुण्यामुंबईच्या प्रकाशकांच्या याद्या समोर ठेवल्या जातात आणि मान्यवर लेखकांची नावे क्रमाने उतरून घेतली जातात. या रीतीने ग्रंथ उत्तम येतात, यात शंका नाही. परंतु उज्जैनसारख्या नगरीत मराठी मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि रस्त्यावर माळवी ऐकते. त्याला त्या ग्रंथांतील जग परके वाटते. मराठी ही आजीच्या गावची भाषा, आपल्या गावची नव्हे, अशी त्याची समजूत होते; आणि ती एकदा दृढ झाली म्हणजे पुढील पिढीत घरातील मराठीही सुटते. म्हणून ग्रंथनिवडीचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न आम्हांस केवळ कपाट भरण्याचा वाटत नाही.

आमचे म्हणणे असे की, हा आरंभ क्षिप्रेच्या काठावरून करावा. सुदैवाने कादंबरी, काव्य आणि अध्यात्म या तिन्ही दालनांत तशी सोय आहे.

प्रथम कादंबरी घेऊ. शरच्चंद्र मुक्तिबोध यांची ‘क्षिप्रा’ १९५४ साली प्रसिद्ध झाली. बिशू या नायकाची कथा पुढे ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या कादंबऱ्यांत चालू राहते. मध्यमवर्गीय मराठी घरात वाढणारा तरुण आपल्या भोवतालच्या समाजाकडे डोळे उघडून पाहू लागतो, हा तिचा गाभा होय. शरच्चंद्रांचे वडील बंधू गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हे आधुनिक हिंदी काव्यातील अग्रगण्य कवी. एकाच मराठी घराने दोन भाषांना दोन समर्थ लेखक दिले, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावी. हिंदी आपली म्हणून मराठी परकी, असा हिशेब मांडण्याचे कारण नाही, हे त्याला या एका उदाहरणावरून उमगते.

काव्याच्या दालनात भा. रा. तांबे यांना अग्रस्थान द्यावे. त्यांचे आयुष्य देवास, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानी नगरांत गेले आणि १९४१ साली ग्वाल्हेरीस त्यांचे निधन झाले. मध्य भारतातील संगीताचा संस्कार त्यांच्या गीतांत जागोजाग जाणवतो. लता मंगेशकर यांच्या कंठातून त्यांतील कित्येक गीते घरोघर पोहोचली आहेत. तेव्हा तांब्यांची कविता आधी ऐकवावी आणि मग वाचावयास द्यावी. त्यांच्या जोडीला ‘मेघदूता’चा एखादा मराठी अनुवाद असावा. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके या सर्वांनी तो केला आहे. वाट वाकडी करूनही उज्जयिनी पाहून जा, असे यक्ष मेघाला विनवतो. महाकालाच्या सायंपूजेचे आणि शिप्रेवरील वाऱ्याचे वर्णन करतो. या ओळी चार अनुवादांत शेजारी ठेवून वाचल्या, तर शब्दनिवड म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही.

अध्यात्मग्रंथ मात्र बहुधा पारायणासाठी म्हणून वेगळे काढले जातात. एकनाथमहाराजांनी काशीस शके १४९५ मध्ये पूर्ण केलेल्या भागवताचा तेविसावा अध्याय उघडावा. तेथे अवंतीतील एका कृपण धनिकाची कथा आहे. त्याचे धन जाते, आप्त पाठ फिरवतात, तो भिक्षू होतो आणि लोक त्याला छळतात. तेव्हा तो विचार करू लागतो. या दुःखाचे कारण लोक, की देवता, की ग्रह, की कर्म, की काळ? एकेक कारण तपासून तो बाजूस सारतो आणि आपले मनच सुखदुःखाचे मूळ, या निर्णयास येतो. नवव्या-दहाव्या इयत्तेतील मुलाला ही कथा कळते, आणि तर्काने विचार करण्याचा तो उत्तम पाठही होतो.

येथे एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावी. लिपी एकच असल्यामुळे आपल्या मुलांना मराठी वाचता येते. अडते ते अर्थापाशी. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ओळखीचा शब्द चुकीचा अर्थ देतो आणि शंका घ्यावी हेही सुचत नाही. शिक्षकांनी अशा शब्दांची वही विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी.

आरंभ येथून करावयाचा, याचा अर्थ येथेच थांबावयाचे असा नव्हे. ‘क्षिप्रा’ वाचलेल्याच्या हाती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) द्यावी; तांब्यांच्या पाठोपाठ, निमाडाला लागूनच असलेल्या खानदेशातील ‘बहिणाबाईची गाणी’ (१९५२) द्यावीत; आणि नाथांच्या ओवीनंतर विनोबांची ‘गीताई’. अशा क्रमाने जाणारा वाचक माणदेशात पोहोचतो, तेव्हा तो तेथे पाहुणा म्हणून जात नाही. आपल्या भाषेच्या दुसऱ्या प्रांतात आला, एवढेच त्याला वाटते. अकादमीच्या सभासदांनी आपापल्या गावी निदान अशा सहा ग्रंथांचा एक संच सिद्ध करावा, अशी आमची विनंती आहे.