चार पावसाळे पाहिलेलं रोप

आपल्याकडे सक्युलंट उन्हानं मरत नाही, पावसात मरतं. मे महिन्यात गच्चीवर तग धरलेली हवर्थिया आषाढातल्या झडीत बुडातून कुजते, आणि ‘पाणी जास्त घातलंस’ म्हणून घरातल्या कुणाला तरी बोल लागतो. खरं दुखणं बहुतेक वेळा कुंडीतच असतं. मॉलमधलं रोप अनेकदा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेलं असतं. वाहतुकीला ते हलकं पडतं, पण एकदा भिजलं की दमट हवेत सुकायचं नाव घेत नाही.

म्हणूनच सक्युलंट घ्यायचं तर छोट्या नर्सरीत जावं. उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे, पण मी म्हणतो ती नर्सरी एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर सापडते. वर शेडनेट, त्यावर प्लास्टिकचा कागद, खाली लोखंडी मांडण्यांवर दाटीनं ठेवलेल्या चार इंची कुंड्या. मालक बहुधा छंदातून धंद्यात आलेले. कोपऱ्यातल्या मोठ्या कुंड्या विकायच्या नसतात. ती मदर प्लँट्स, त्यांचीच पिल्लं विक्रीला.

“काकू, हे टिकेल ना?” असं विचारलं की जाणत्या काकू तोंडानं उत्तर देत नाहीत. कुंडी आडवी धरून कडेला दोन चापट्या मारतात आणि सगळा गड्डा अलगद बाहेर काढून दाखवतात. विटेचा चुरा, जाडी वाळू, मूठभर शेणखत आणि त्यातून पसरलेली पांढरी मुळं. मग पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण नाही ना, तेही बघायला लावतात. एवढं दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून रोप घेऊ नये.

एचेव्हेरियाची गोष्ट जरा वेगळी. ती मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. अशा बऱ्याच वनस्पती दिवसा पर्णरंध्रं मिटून पाणी वाचवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे त्यांना गार रात्री मानवतात. कालिंपाँगच्या डोंगरावर त्या मिळतात, पुण्यामुंबईच्या जूनमध्ये नाही. तिथून बिनमातीची, कागदात गुंडाळून आलेली रोपं चांगला नर्सरीवाला लगेच विकत नाही. एक पावसाळा स्वतःकडे काढतो, जगली-वाचली त्यांचीच पिल्लं पुढे देतो. भाव जास्त पडतो तो याचा, आणि माझ्या मते तो रास्त आहे. नवख्यानं मात्र हवर्थिया, सॅन्सेव्हेरिया किंवा अडेनियमपासूनच सुरुवात करावी. लालभडक गोळ्याच्या ‘मून कॅक्टस’च्या नादी लागू नये. त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं. तो खालच्या, बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या, खुंटावर जगतो आणि खुंट गेला की संपतो.

खरं तर टिकाऊ सक्युलंट सह्याद्रीतही आहे. शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर वाढते. पावसाळ्यात हिरवी पानं, तांबूस फुलांवर पिवळे ठिपके, उन्हाळ्यात नुसत्या मांसल काड्या. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचं नामकरण केलं. जंगलात ती अतिशय दुर्मीळ, पण कुंडीत काडीपासून सहज लागते.

तेव्हा गडावर दिसली तर फोटो काढा, काडी मोडू नका. हवीच असेल तर स्वतः काड्या लावून रोपं करणाऱ्या नर्सरीतून घ्या, तीही पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरनंतर. आणि किमतीच्या आधी एवढंच विचारा: या रोपानं तुमच्याकडे किती पावसाळे काढलेत?