मॉडेल हेलिकॉप्टरचा रिमोट सेट कसा करायचा?

भातकापणी आटोपली की मुरबाड-शहापूरकडची खाचरे मोकळी होतात. वर्दळ कमी, आभाळ मोठे. रिमोटवरचे हेलिकॉप्टर उडवायला एवढी ऐसपैस जागा कल्याण-ठाण्यात मिळणे अवघड. पण शेतात जाण्याआधी एक संध्याकाळ घरच्या टेबलावर घालवा. नवशिक्याचे हेलिकॉप्टर पहिल्याच दिवशी आपटते ते बहुधा वाऱ्यामुळे नव्हे, तर रिमोटमधल्या चुकीच्या सेटिंगमुळे.

एवढी काळजी कशाला?

‘450’ आकाराच्या हेलिकॉप्टरचा पंखा टोकापासून टोकापर्यंत साधारण 70 सेंटिमीटर असतो. मिनिटाला 2,600 फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. सप्टेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचे पाते लागून 19 वर्षांचा तरुण दगावला. आपल्याकडे तर आवाज ऐकून वाडीतली पोरे पाच मिनिटांत भोवती जमतात.

सुरुवात कुठून?

मोटरला जाणाऱ्या तीन तारांपैकी दोन सोडवा आणि त्यांची टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवा. आता काहीही चुकले तरी पंखा फिरणार नाही. मग रिमोटमध्ये नवीन मॉडेल उघडा, प्रकार ‘हेलिकॉप्टर’ निवडा आणि रिसीव्हरशी जोडणी म्हणजे ‘बाइंड’ करा. पूर्वी 35 किंवा 72 मेगाहर्ट्झच्या सेटमध्ये क्रिस्टल असायचे. दोघांचा चॅनल एकच निघाला की एकाचे यंत्र गेलेच. 2.4 गिगाहर्ट्झच्या संचात बाइंड केलेला रिसीव्हर आपल्याच रिमोटचे ऐकतो.

स्वॉशप्लेट कोण सांभाळणार?

पंख्याखालची ही तबकडी तीन सर्व्हो मिळून हलवतात. तिघांचा मेळ रिमोटने घालायचा की हेलिकॉप्टरमधल्या फ्लायबारलेस युनिटने, हे आधी ठरवा. असे युनिट असेल तर रिमोटमधले 120 अंशांचे मिक्सिंग बंद ठेवा. दोन्हीकडे चालू राहिले तर तबकडी वेडीवाकडी हलते आणि बिघाड कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

मिक्सिंग रिमोटमध्येच असेल, तर थ्रॉटलची स्टिक वर न्या. तबकडी सपाट राहून वर जायला हवी. एकच सर्व्हो उलटा जात असेल तर तेवढाच रिव्हर्स करा. तिन्ही खाली जात असतील तर स्वॉश मेनूमधल्या पिचचे चिन्ह बदला. स्टिक मध्यभागी असताना पात्यांचा कोन शून्य हवा. तो पिच गेजने मोजा, नजरेवर जाऊ नका.

हालचाल मऊ करणाऱ्या ‘एक्स्पो’ची एक गंमत आहे. फुटाबाच्या रिमोटमध्ये त्यासाठी ऋण आकडा द्यावा लागतो, स्पेक्ट्रममध्ये धन. मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवणारे इथे फसतात.

शेपटीची परीक्षा

रडर उजवीकडे देऊन शेपटीची यंत्रणा कुठे सरकते ते पाहून ठेवा. आता हेलिकॉप्टर हातात धरून नाक झटक्यात डावीकडे वळवा. यंत्रणा त्याच दिशेने सरकली तर जायरो बरोबर. उलटी सरकली तर उडताक्षणी हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखे गरगरणार.

जीव वाचवणारी दोन सेटिंग

पहिले ‘थ्रॉटल होल्ड’: सहज बोट पोहोचेल असा स्विच, तो दाबताच मोटर शून्यावर. दुसरे ‘फेलसेफ’: सिग्नल तुटला की थ्रॉटल शून्य. काही रिसीव्हर शेवटचा आदेशच धरून ठेवतात, म्हणजे ताबा सुटलेले यंत्र पूर्ण वेगात चालूच राहते. म्हणून मोटरच्या तारा सोडलेल्या असतानाच थ्रॉटल थोडे वर ठेवून रिमोट बंद करा आणि रिसीव्हर काय करतो ते पाहा. एरवी मात्र क्रम पक्का: सुरू करताना आधी रिमोट, बंद करताना आधी हेलिकॉप्टर.

शेतात गेल्यावर

ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतची, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी यंत्रे ‘मॉडेल’ गटात येतात. डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा. तिथे मर्यादा 400 फुटांची. शहापुरात भातसा आणि तानसा धरणे, शिवाय तानसा अभयारण्य आहे. त्यांच्या आसपास तर नकाशा पाहिल्याशिवाय बॅटरी जोडूच नका. पोलिसांचा मनाई आदेश लागू आहे का, हेही विचारा.

आणि शेतमालकाला भेटा. कापणीनंतर ओल धरून वाल पेरलेला असतो. लांबून मोकळे दिसणारे खाचर रिकामे असेलच असे नाही.