पत्ते अनेक, पेटी एक

एखादा छोटा प्रकाशक घ्या. एक डोमेन प्रकाशनाच्या नावाचं, दुसरं दिवाळी अंकाचं, तिसरं 'कुणी दुसऱ्यानं घेऊ नये' म्हणून घेऊन ठेवलेलं. तिन्ही एकाच शेअर्ड होस्टिंगवर, कारण 'कितीही डोमेन चालतील' असं जाहिरातीत होतं. प्रत्येकावर इन्फो, ऑर्डर, संपादक असे पत्ते, आणि ते सगळे वाचणारा माणूस एकच, तोही जीमेलमध्ये. मग प्रत्येक पत्त्याला फॉरवर्डर लावायचा. पॅनलमध्ये दोन मिनिटांचं काम. काही मेल आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत, हे मात्र कुणी फोन करून ओरडेपर्यंत कळत नाही.

मेल असा पुढे पाठवण्याची सोय बरीच जुनी आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मेल पोहोचवण्याचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम लिहिले, त्यातच २५१ क्रमांकाचं उत्तर आहे: हा माणूस इथला नाही, पण मी पुढे पाठवतो. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या मेल-प्रोग्राममध्ये तर घरच्या डिरेक्टरीत एक छोटी फाइल ठेवली की मेल हव्या त्या पत्त्यावर वळत असे. तेव्हा जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या. कुणाचाही मेल कुणीही पुढे न्यावा, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शेअर्ड होस्टिंग आलं ते नव्वदच्या दशकात. एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट बसवता याव्यात म्हणून वेबला एचटीटीपीची नवी आवृत्ती लागली. मेलला तशी गरज नव्हती, डोमेन पत्त्यातच असतं. सीपॅनल हे होस्टिंगचं पॅनल असलेल्या सर्व्हरवर मेलचं काम एक्झिम हा प्रोग्राम करतो. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ साली तो लिहायला घेतला. सीपॅनलवर प्रत्येक डोमेनची फॉरवर्डिंगची यादी वेगळी असते, म्हणून एका डोमेनच्या 'इन्फो'चा दुसऱ्याच्या 'इन्फो'शी संबंध येत नाही. आख्खं डोमेनच दुसऱ्यावर वळवायची सोयही असते. मात्र ती लावली तरी आधीच्या पेट्यांचे मेल त्या त्या पेटीतच पडत राहतात. आणि पत्त्याला पेटी आहे, वर फॉरवर्डरही आहे, तर एक प्रत पुढे जाते आणि एक मागे साठते. ती पेटी कुणी उघडत नाही, आणि एक दिवस ती भरते.

अनेक डोमेन असली की खरी गंमत एमएक्स नोंदीत होते. डोमेनचा मेल कुठे द्यायचा हे जगाला ही नोंद सांगते. समजा तुम्ही अंकाच्या डोमेनचा मेल गूगलकडे हलवला, एमएक्स बदलला. पण होस्टिंगच्या पॅनलमध्ये ते डोमेन अजून 'लोकल' आहे. मग बाहेरच्या सगळ्यांचे मेल गूगलला बरोबर पोहोचतात. फक्त त्याच सर्व्हरवरच्या इतरांचे पोहोचत नाहीत, आणि त्यात तुमचीच उरलेली दोन डोमेनही आली. सर्व्हर म्हणतो, हे तर माझ्याच घरचं, आणि बाहेर विचारायला जातच नाही. साइटवरचा ऑर्डरचा फॉर्म असाच मुका होतो. पॅनलमधल्या ईमेल राउटिंगमध्ये 'रिमोट' निवडलं की प्रश्न मिटतो, पण तो पर्याय सहसा सर्वांत शेवटी आठवतो.

आता मूळ दुखणं. पोस्टमन जुना पत्ता खोडून नवा लिहायचा, तेव्हा पत्र पाठवणाऱ्याचं नाव तसंच राहायचं. फॉरवर्डर नेमकं तेच करतो, आणि आज तोच गुन्हा ठरतो. बँक एसपीएफ नोंदीत जाहीर करते की आमचे मेल अमुक सर्व्हरवरूनच निघतात. तुमच्या होस्टिंगनं बँकेचा मेल जीमेलकडे ढकलला की तो त्या यादीबाहेरच्या सर्व्हरवरून आलेला दिसतो. यावर एसआरएस नावाचा तोडगा आहे: पाकिटावरचा प्रेषक बदलून तिथे तुमचं डोमेन लावायचं. एसपीएफ खूश होतो. पण आतल्या पत्रावर नाव बँकेचंच, म्हणून हे नाव जुळतं का ते पाहणारी डीमार्कची तपासणी तेवढ्यानं भागत नाही. मग भिस्त उरते ती बँकेनं मेलवर केलेल्या डीकिमच्या डिजिटल सहीवर. मजकुराला हात लागला नसेल तर ती टिकते. एप्रिल २०१४ मध्ये याहू आणि एओएलनं डीमार्क कडक केला, तेव्हा मेलिंग लिस्टवाल्यांची त्रेधा उडाली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळले.

त्यात भर 'कॅच-ऑल'ची. डोमेनवरच्या कुठल्याही नावाला आलेला मेल पुढे पाठवायचा, म्हणजे अंदाजानं नावं ठोकून पाहणाऱ्या सगळ्या स्पॅमवाल्यांना दार उघडं. तो कचरा तुमच्या सर्व्हरमार्फत जीमेलला जातो, आणि जीमेलच्या लेखी तो पाठवणारे तुम्ही. शेअर्ड सर्व्हरचा आयपी सामायिक असतो, त्यामुळे बदनामी शेजाऱ्यांच्याही वाट्याला येते. तीन डोमेनना कॅच-ऑल लावणाऱ्याला मी तरी सोय करून घेणारा म्हणणार नाही.

माझं मत सरळ आहे: फॉरवर्डिंग घरातल्या घरात ठेवावं. एका डोमेनवर एक खरी पेटी, बाकीच्या डोमेनचे पत्ते त्याच सर्व्हरवर तिच्यात वळवलेले, आणि ती पेटी फोनवर आयमॅपनं वाचायची. मेल बाहेर पडतच नाही, तर एसपीएफ मोडणार कुठून? जीमेलचीच सवय असेल तर पैसे मोजून एमएक्स तिकडेच न्यावा. फुकटच्या फॉरवर्डिंगवर बँकेचे ओटीपी सोपवू नयेत. उत्तराचाही विचार करावा; मेल प्रकाशनाच्या पत्त्यावर आला आणि उत्तर खासगी जीमेलवरून गेलं, तर ग्राहक बुचकळ्यात पडतो.

देवनागरी डोमेनवाल्यांसाठी एक पुस्ती. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, पण पॅनलमध्ये ते बहुधा रोमन अक्षरांच्या कोड्यासारखं दिसतं. मेलचं नावही देवनागरीत हवं असेल, तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते समजावं लागतं. म्हणून अशा पत्त्याला फॉरवर्डरची जास्तीची पायरी न लावलेली बरी.

हे सगळं करून चाचणी घेताना, ज्या जीमेलवर मेल वळवलाय त्याच जीमेलवरून पाठवून पाहू नये. परत आलेला मेल आपणच पाठवलेला आहे हे जीमेल ओळखतं आणि इनबॉक्समध्ये दाखवतच नाही. फॉरवर्डर चोख चालत असतो आणि माणूस रात्रभर एमएक्स बदलत बसतो. दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावरून पाठवावा, आणि एखादा ओटीपीही मागवून पाहावा.