चौकट : कुंपण घालण्याआधी

बिदर आणि कलबुर्गीत घराची कुंपणभिंत बांधायची, तर दोन गोष्टी मोजा : भिंतीची उंची आणि जवळच्या वास्तूपासूनचं अंतर.

उंची : राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच फूट. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा ठेवला, तर २.४ मीटरपर्यंत मुभा मिळू शकते. अंतिम शब्द मात्र स्थानिक उपविधींचा.

कोपऱ्याचा प्लॉट : वळणावरची वाहनं दिसावीत, म्हणून चौकाकडच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत पक्की भिंत ०.७५ मीटरच. त्यावर तेवढंच उघडं रेलिंग चालतं.

स्मारकाचा शेजार : बिदरचा किल्ला, महमूद गवानचा मदरसा (१४७२), कलबुर्गीचा किल्ला, हफ्त गुंबज ही केंद्र-संरक्षित स्मारकं. संरक्षित हद्दीपासून किमान १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवं बांधकाम नाही, जुन्याच्या डागडुजीलाही परवानगी लागते. पुढचे किमान २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण आधी परवानगी हवी.

अर्ज : सक्षम अधिकारी १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे धाडतो. प्राधिकरणाला शिफारशीसाठी दोन महिने, त्यानंतर अधिकाऱ्याला निर्णयासाठी एक महिना.

स्मारकाजवळचे हे नियम मोडल्यास : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

लक्षात ठेवा : अंतर घुमटापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात. गवंड्याला बोलावण्याआधी टेप धरा.