मालविकेचा अशोक आणि सूचौची भिंत

विदर्भाची राजकन्या मालविका रंगमंचावर येण्याआधी चित्रात येते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात अग्निमित्र तिला प्रथम पाहतो तो चित्रशाळेतल्या एका चित्रात. पुढे हीच मुलगी प्रमदवनात अशोकाला पाय लावते आणि अडून बसलेला अशोक बहरतो. चित्र आणि बाग यांच्या नात्याचा आढावा वऱ्हाडात बसून घ्यायचा, तर आपल्या या लेकीपासूनच सुरुवात करायला हवी.

हे नातं सगळ्यांत घट्ट विणलं चीनने. अकराव्या शतकातला चित्रकार गुओ शी याचं म्हणणं होतं की, नुसतं पाहून पुढे जावं असं निसर्गचित्र दुय्यम; ज्यात हिंडावं, राहावं असं वाटतं ते खरं. असं चित्र मनात धरलेला माणूस घरामागच्या जागेत डोंगर-पाणी उभं करू पाहणारच. सूचौ शहरातल्या झुओझंग युआन या बागेची वन झंगमिंगने १५३३ मध्ये एकतीस दृश्यं रंगवली आणि प्रत्येकाला कवितेची जोड दिली. बाग पुढे अनेकदा हात बदलत गेली, तिचं रूप पालटलं. तिचं जुनं रूप आज कळतं ते त्या चित्रांवरून आणि कवितांवरून.

जी छंग तर मुळात चित्रकार. तरुणपणी तो जुन्या निसर्गचित्रकारांचा अभ्यास करत होता. पुढे दगड रचून कृत्रिम डोंगर उभारू लागला आणि १६३१ मध्ये त्याने ‘युआन ये’ हा उद्यानरचनेवरचा ग्रंथ लिहून पूर्ण केला. चुना दिलेली पांढरी भिंत म्हणजे कागद, तिच्यापुढचा दगड म्हणजे चित्र, असं तो सांगतो. सूचौच्या बागांत हे डोळ्यांनी दिसतं. कोरी भिंत, एक उभा खडक, चार बांबू. उन्हात बांबूची सावली भिंतीवर पडली की शाईचं चित्र तयार. लांबचा मनोरा किंवा टेकडी आपल्या मालकीची नसली तरी नेमकी जागा मोकळी ठेवून तिलाही बागेत ओढून घ्यायचं, हे उसन्या दृश्याचं तंत्रही तोच मांडतो.

ली यू त्याच्या पुढे गेला. त्याने खिडकीच्या चारी बाजूंना कागदाच्या पट्ट्या लावून तिला टांगलेल्या चित्राचं रूप दिलं. पलीकडची टेकडी झाली चित्र. नानजिंगमधल्या त्याच्या बागेचंच नाव १६७९ पासून छापल्या गेलेल्या एका चित्रकला-पाठ्यपुस्तकाला मिळालं. मोहरीच्या दाण्याएवढ्या बागेच्या नावाचं ते पुस्तक पुढच्या कित्येक पिढ्यांनी गिरवलं.

चीनचे खडक आणि वळणदार ढग मंगोलांच्या काळात इराणी चित्रांत शिरले आणि इराणी कलमाबरोबर दख्खनपर्यंत आले. इथे मात्र त्यांच्यासमोर मालविकेची परंपरा उभी होती. अहमदनगरच्या निजामशाहीत १५६५ च्या सुमारास ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र फारसी काव्य तयार झालं; ही पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, म्हणजे मालविकेने अशोकाला पाय लावून फुलवलं तोच प्रकार, दोहद! राणी खुंजा हुमायूनची आकृती पोथीत अनेक ठिकाणी नंतर रंग फासून झाकली गेली. सत्ता गेलेल्या बाईला चित्रातल्या बागेतही जागा उरली नाही, हे पाहून जीव कळवळतो.

त्याच दरबाराने नगरजवळ फराहबाग उभारली. १५८३ मध्ये पूर्ण झालेला तिचा अष्टकोनी महाल मोठ्या तलावाच्या मधोमध होता. आता तलाव कोरडा आहे. निजामशाहीने १५७४ मध्ये इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतलं होतं, त्यामुळे फराहबाग बांधली गेली तेव्हा नगर हीच आपली राजधानी होती. हा धागा वऱ्हाडात फारसा कुणी आठवत नाही.

चीन आणि आपल्यात माझ्या मते फरक इथे आहे. आपल्या चित्रांत बाग माणसासाठी येते. नायिका, सखी, विरह, स्पर्श यांच्यामागे झाडं उभी असतात. चिनी चित्रात माणूस ठिपक्याएवढा, आणि बागही अशी की चालताना दृश्य थोडं थोडं उलगडावं, आडव्या गुंडाळीचित्रासारखं. आपल्याकडे पाहण्यासाठी बांधलेली वास्तू नाही असं मात्र नाही. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच आहे. खांबांमधल्या मोकळ्या जागा चौकटीसारख्या. त्यांतून समोरचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी दिसतो. ली यूला ती लगेच समजली असती.

चित्रासारख्या बागेसाठी अकोल्याच्या जुन्या शहराला तर जागा आयती मिळाली आहे. मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर असदगड किल्ला, नदीपलीकडे ताजनापेठ. २०१८ मध्ये अकोलेकरांनी मोर्णा स्वच्छ करायला घेतली, तेव्हा या काठाकडे पुन्हा लक्ष गेलं. काठ सजवायचा विचार आला की आपल्याकडे आधी फरशी, कारंजं आणि रंगीत दिवे यांची यादी होते. त्याऐवजी आधी कला शिकणाऱ्या मुलामुलींना बुरुजावर बसवून वर्षभर, उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रासकट, हा काठ रंगवू द्यावा असं मला मनापासून वाटतं. कुठे झाड हवं, कुठे नुसती कोरी भिंत पुरेल आणि बुरुजावरून नदी दिसण्याची वाट कुठे अडवायची नाही, हे त्या चित्रांवरून ठरवता येईल.