व्हिजिटिंग कार्डवर रिकाम्या जागेचे पैसे का द्यायचे?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या छोट्या व्यवसायांची व्हिजिटिंग कार्डं साधारण सारखीच दिसतात. वर मध्यभागी गणपती, खाली दुकानाचं नाव, मग 'प्रो.' लिहून मालकाचं नाव, तीन मोबाइल नंबर, ईमेल, दोन ओळींचा पत्ता. मागच्या बाजूला 'आमच्याकडे पुढील कामे केली जातील' म्हणत दहा-पंधरा कामांची यादी.

असा मालक ग्राफिक डिझायनरकडे जातो. डिझायनर नवीन कार्ड दाखवतो. पांढरा कागद, कोपऱ्यात नाव, खाली एक नंबर. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: बाकीचं गेलं कुठे? आणि रिकाम्या जागेचे पैसे कसले?

प्रश्न रास्त आहे, कारण 'मिनिमल' कार्ड काही वेळा खरंच निरुपयोगी असतं. ते कधी उपयोगी ठरतं, तेच इथे समजून घेऊ.

ही पद्धत आली कुठून?

१९२८ साली जर्मनीत यान चिखोल्ड यांनी 'नवी टायपोग्राफी' या अर्थाचं पुस्तक लिहिलं. नक्षी, चौकटी काढा आणि वाचणाऱ्याला हवं ते पटकन सापडू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या डिझायनरांनी हीच वाट रुळवली. १९५७ चा हेल्व्हेटिका हा टाइप त्याच काळातला.

कार्डाच्या बाबतीत याला साधं गणित आहे. कार्ड साधारण ३.५ बाय २ इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिलिमीटर. चारही बाजूंनी ५ मिलिमीटर समास सोडला, तर पाव भागाहून जास्त जागा तिथेच जाते. उरलेल्या जागेत वीस गोष्टी कोंबल्या, की प्रत्येक गोष्ट बारीक होते आणि नजर कशावरच ठरत नाही.

भरगच्च कार्ड चुकीचं होतं का?

नाही. इंटरनेट नव्हतं तेव्हा कार्ड हीच जाहिरात होती. नळ गळायला लागला की ड्रॉवरमधली कार्डं चाळली जायची. त्यात 'पंप, गीझर, टाकी सफाई' लिहिलेलं कार्ड कामाला यायचं.

आजही प्लंबरच्या कार्डावर नावापेक्षा काम मोठं हवं. आर्किटेक्ट किंवा सीएचं कार्ड बहुतेक वेळा ओळखीतून, समोरासमोर दिलं जातं. तिथे नाव, व्यवसाय आणि नंबर पुरतात. कामांची लांबलचक यादी गूगल मॅप्सवर किंवा व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगमध्ये जाऊ शकते. म्हणजे काय काढायचं, हे कार्ड कोणाच्या हातात जाणार आणि तो ते कधी बघणार, यावर ठरतं.

'पूर्व' की 'पश्चिम'?

या पट्ट्यात एक शब्द कधीच काढायचा नाही. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण, तिन्ही शहरं रेल्वेमार्गाने दोन भागांत विभागली आहेत. पत्त्यात नुसतं 'डोंबिवली' लिहिलं, तर नवखा माणूस स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरतो आणि पूल चढून परत येतो.

पिनकोडवरूनही बाजू कळते. ४२१२०१ डोंबिवली पूर्वेचा, तर ४२१२०२ पश्चिमेचा. पण हे पाठ कोणाला असतं? त्यामुळे राज्य, देश, जुना लँडलाइन नंबर काढला तरी चालेल, 'फडके रोड, डोंबिवली पूर्व' एवढं राहिलंच पाहिजे.

देवनागरी असेल तर?

इंग्रजी कार्डाचा साचा जसाच्या तसा मराठीला लागू होत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं आणि अक्षरही थोडं मोठं घ्यावं लागतं.

छपाईत आणखी तीन गोष्टी बिघडतात:

- फिकट राखाडी अक्षरं: स्क्रीनवर छान दिसतात. छापताना राखाडी रंग काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांतून तयार होतो, त्यामुळे लहान अक्षरांच्या कडा तुटतात.
- गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरं: चार रंगांचे ठसे केसभर सरकले तरी अक्षरं भरून जातात.
- फॉन्ट: प्रेसच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. म्हणून फाइल 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षरांचं रेखाचित्र करून द्यायची.

मुंबईच्या 'एक टाइप'ने तयार केलेला 'मुक्ता' हा मोफत फॉन्ट सात जाडींमध्ये मिळतो. एकाच फॉन्टच्या दोन जाड्या वापरल्या तरी कार्ड नीट उभं राहतं.

क्यूआर कोड टाकला की झालं?

जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ साली क्यूआर कोड तयार झाला. तो कार्डावर बरीच जागा वाचवतो. पण त्यात जितकी जास्त माहिती भराल, तितके चौकोन बारीक होतात. म्हणून छोटी लिंक द्यावी, कोड साधारण २ सेंटिमीटरचा ठेवावा आणि भोवती चार चौकोनांइतकी रिकामी कड सोडावी.

काही 'डायनॅमिक' कोड वर्गणीवर चालतात. वर्गणी थांबली की कोड बंद पडू शकतो आणि छापलेली हजार कार्डं तशीच पडून राहतात. म्हणून कोड असला तरी मोबाइल नंबर अक्षरांत छापलेला हवाच.

पैसे कशाचे?

वीस गोष्टींतून चार निवडण्याचे, आणि त्या चार नीट वाचता येतील असं मांडण्याचे. डिझायनरने ते काम केलंय का, हे तपासणं सोपं आहे. डिझाइन मोबाइलवर पाहून ओके करू नका. खऱ्या मापात प्रिंट काढा आणि व्यवसायाची माहिती नसलेल्या, शक्यतो चष्मा लावणाऱ्या माणसाला द्या. हा माणूस काय काम करतो, त्याला फोन कुठे करायचा आणि स्टेशनच्या कोणत्या बाजूला जायचं? तिन्ही उत्तरं लगेच आली, तर रिकाम्या जागेचे पैसे वसूल. एक जरी अडलं, तर हजार कार्डं छापायच्या आधी डिझायनरला पुन्हा फोन करा.